एका ठेक्याची कथा

गाणे लोकप्रिय होणे ही एक गोष्ट आणि गाणे उपयोगी पडणे ही दुसरी. जात्यावरची ओवी, मोटेवरचे गाणे, नावाड्यांचे गाणे ही सारी उपयोगाची गाणी होत. त्यांच्या लयीने हातांना वळण लागते आणि दमलेल्या जिवाला पुढच्या फेऱ्यासाठी बळ येते. नाचघरातील गाणे मात्र निव्वळ करमणुकीचे. हंगाम सरला की ते विस्मरणात जावयाचे, असा सर्वसाधारण समज आहे आणि पुष्कळ अंशी तो खराही आहे. तथापि १९७७ साली तयार झालेल्या एका इंग्रजी नृत्यगीताने या समजाला मोठा अपवाद निर्माण करून ठेविला आहे. 'स्टेइंग अलाइव्ह' हे त्या गीताचे नाव. 'जिवंत राहणे' हा त्याचा अर्थ. 'बी जीज' या नावाने प्रसिद्धी पावलेल्या गिब बंधूंनी ते रचले व गायिले. ज्या ठेक्यावर हे गीत उभे आहे, तो ठेका केवळ अडचणीपोटी जन्मास आला. पुढे त्याच्यासारख्या ठेक्यांची निर्जीव म्हणून हेटाळणी झाली आणि कालांतराने थांबलेल्या हृदयाला हातांनी कसे चालवावे, याचे शिक्षण देण्यासाठी वैद्यकाने तोच ठेका हाती घेतला. त्या ठेक्याचाच हा वृत्तांत आहे.

थोरला बॅरी आणि रॉबिन व मॉरिस हे जुळे असे हे तिघे भाऊ. इंग्लंडच्या पश्चिमेकडील समुद्रात असलेल्या आइल ऑफ मॅन या बेटावर त्यांचा जन्म झाला. बालपण मँचेस्टरमध्ये गेले आणि १९५८ साली हे कुटुंब ऑस्ट्रेलियास गेले. तेथेही मुले गात असत. १९६७ साली ते इंग्लंडला परतले, तेव्हा रॉबर्ट स्टिगवुड या व्यवस्थापकाने त्यांस आश्रय दिला आणि थोड्याच काळात त्यांच्या भावगीतांचे नाव दुमदुमू लागले. परंतु लोकप्रियतेचा वारा जसा येतो तसाच जातो. १९७४ च्या सुमारास त्यांच्या नव्या ध्वनिमुद्रिका कोणी विचारीनासे झाले. अखेर १९७५ साली त्यांनी अमेरिकेतील मायामी शहर गाठले.

मायामीत त्यांस दोन गोष्टी गवसल्या. पहिली लय. रोज ध्वनिमुद्रणगृहाकडे जाताना त्यांची मोटार एका लांब पुलावरून जात असे. पुलाच्या सांध्यांवरून चाके जाताना जो ठराविक खडखडाट होई, त्यावरून 'जाइव्ह टॉकिंग' या त्यांच्या गीताची लय निघाली आणि ते अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले. दुसरी गोष्ट आवाज. आरिफ मार्डिन या मूळच्या तुर्की निर्मात्याच्या सूचनेवरून एका गीताच्या अखेरीस बॅरीने अगदी उंच, स्त्रीकंठाचा भास व्हावा अशा स्वरात आलापी करून पाहिली. हा स्वर आपल्याजवळ आहे याची त्याला स्वतःलाही तोवर पुरती जाणीव नव्हती. पुढे तोच या बंधूंच्या गायनाची खूण होऊन बसला.

याच काळात अमेरिकेत 'डिस्को' नावाच्या संगीताने मूळ धरिले होते. ग्रंथालयास फ्रेंच भाषेत जो शब्द आहे, त्याच धर्तीवर तबकड्यांच्या संग्रहास 'डिस्कोथेक' म्हणू लागले. पुढे तबकड्या लावून जेथे नाच चाले त्या घरासही तेच नाव पडले. न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषी व समलिंगी लोक अशा नाचघरांत जमत. इतरत्र ज्यांना मोकळेपणा नव्हता त्यांना तेथे तो मिळे. या संगीतात चार मात्रांपैकी प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा सारखाच आघात पडतो. त्यामुळे नाचणारास ताल शोधावा लागत नाही. तो आपोआप पायांत येतो.

१९७६ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात निक कोन या लेखकाचा एक लेख प्रसिद्ध झाला. ब्रुकलिनमधील श्रमजीवी तरुण आठवडाभर राबतात आणि शनिवारच्या रात्री नाचघरात राजे होतात, असे त्यात वर्णन होते. लेख सत्यकथा म्हणून छापला गेला. पण त्यातील पुष्कळसा भाग कल्पित असल्याची कबुली कोनने सुमारे वीस वर्षांनी दिली. स्टिगवुडने मात्र त्या लेखाचे हक्क घेऊन चित्रपट काढण्याचे ठरविले. तोच 'सॅटरडे नाइट फीव्हर'. या चित्रपटासाठी गाणी हवीत, असा निरोप १९७७ च्या आरंभी त्याने गिब बंधूंस धाडिला.

त्या वेळी हे बंधू फ्रान्समध्ये होते. पॅरिसच्या उत्तरेस एरुव्हिल नावाचे खेडे आहे. तेथील जुन्या गढीवजा वाड्यात ध्वनिमुद्रणगृह केलेले होते. एल्टन जॉनसारख्या गायकांनी पूर्वी तेथे काम केले होते. चित्रपटाची संहिता हाती नसताना, कथेचा सारांश तेवढा ऐकून, या बंधूंनी तेथे थोडक्या अवधीत एकामागून एक गाणी रचिली. 'शनिवारची रात्र' हे शब्द गीताच्या नावात यावेत अशी स्टिगवुडची इच्छा होती. बंधूंनी ती मानली नाही. त्यांच्या गीताचा विषय वस्तुतः नाच हा नव्हताच. महानगराच्या रेट्याखाली सापडलेला सामान्य माणूस कसाबसा तग धरून राहतो, हे त्यांस सांगावयाचे होते. वरून ऐट दिसते, आत केविलवाणी धडपड आहे. चित्रपटाच्या आरंभी जॉन ट्रॅव्होल्टा हातात रंगाचा डबा घेऊन ब्रुकलिनच्या रस्त्याने डौलात चालतो. तो डौल आणि तो डबा यांतील विसंगती ज्यास कळली, त्यास हे गीत कळले.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. काम रंगात आले असता वृंदाचा तालवादक डेनिस ब्रायन यास घरच्या संकटामुळे तातडीने मायदेशी जावे लागले. त्या आडगावी दुसरा चांगला तालवादक मिळेना. ठेका वाजविणारे यंत्र लावून पाहिले, परंतु त्याचा नाद कोणासच रुचला नाही. तेव्हा आल्बी गॅल्युटन आणि कार्ल रिचर्डसन या सहनिर्मात्यांनी एक युक्ती काढिली. 'नाइट फीव्हर' हे दुसरे गीत ब्रायनच्या वादनासह आधीच मुद्रित झालेले होते. त्यातील त्याच्या वादनाची अवघी दोन आवर्तने निवडून त्यांनी ती वेगळ्या फितीवर उतरविली आणि त्या फितीची दोन्ही टोके एकमेकांस चिकटवून तिचा एक मोठा वेढा केला. हा वेढा नेहमीप्रमाणे चाकांवर बसण्याजोगा नव्हता. म्हणून फीत यंत्रातून काढून बाहेर ध्वनिग्राहकाच्या दांडीवरून फिरविली, ती ताणलेली राहावी अशी तजवीज केली आणि यंत्र सुरू केले. माणूस नसताना त्याची तीच दोन आवर्तने पुनःपुन्हा वाजू लागली.

आपल्याकडे तबल्याचे एकल वादन चालू असता सारंगीवर अथवा पेटीवर लेहरा धरितात. एकच लहानशी सुरावट अखंड फिरत राहते आणि तिच्या आधाराने तबलजी हवी तेवढी झेप घेतो. येथे उलटा प्रकार झाला. ठेका लेहऱ्यासारखा स्थिर राहिला आणि गिटार, इतर वाद्ये व भावांचे तीन आवाज त्याच्यावर खेळले. प्रथम ही केवळ तात्पुरती सोय होती. ब्रायन परतल्यावर खरा ठेका भरून घ्यावयाचा, असा बेत होता. परंतु त्या फितीच्या ठेक्याला जी निश्चल, हट्टी चाल आली होती, ती सर्वांच्या मनात भरली आणि तोच कायम झाला. यंत्राच्या ठेक्याहून तो निराळा वाटला याचे कारणही उघड आहे. आवर्तन यंत्राने फिरविले असले तरी त्यातील प्रत्येक आघात माणसाच्या हातचा होता. गीताचे उरलेले काम पुढे अमेरिकेत पुरे झाले. श्रेयनामावलीत तालवादक म्हणून 'बर्नार्ड लूप' असे नाव थट्टेने घातले गेले. 'लूप' म्हणजे वेढा. आणि बर्नार्ड पर्डी हा त्या काळचा नामांकित तालवादक. या लूप महाशयांना काम देण्यासाठी पुढे चौकशा होऊ लागल्या, अशी गमतीची हकीकत सांगतात.

१९७७ च्या डिसेंबरात गीत व चित्रपट दोन्ही प्रसिद्ध झाली. ४ फेब्रुवारी १९७८ रोजी गीत अमेरिकेच्या क्रमवारीत पहिले आले व चार आठवडे तेथे राहिले. चित्रपटाच्या गाण्यांचा संग्रह तर २४ आठवडे अग्रस्थानी होता. १९७९ साली त्या संग्रहास वर्षातील सर्वोत्कृष्ट म्हणून 'ग्रॅमी' पारितोषिक मिळाले.

परंतु अतिपरिचयाने अवज्ञा होते हे वचन याच वर्षी खरे ठरले. जिकडे तिकडे एकच ठेका ऐकू येऊ लागल्याने अनेकांस त्याचा वीट आला. हे संगीत नव्हे, कारखान्यातील यंत्राची घरघर आहे, अशी टीका होऊ लागली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवून देण्याचा समारंभ झाला. एका नभोवाणी-निवेदकाची ही कल्पना. जो तबकडी आणील त्यास ९८ सेंटांत प्रवेश होता. सुमारे ५०,००० लोक जमले. स्फोटानंतर जमाव मैदानात घुसला, खेळपट्टीची नासधूस झाली आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. या संतापात केवळ संगीताचा कंटाळा नव्हता. ज्या लोकांच्या नाचघरांत हे संगीत वाढले, त्यांच्याविषयीचा तिरस्कारही त्यात मिसळला होता, असे पुढे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांनी गिब बंधूंची गाणी लावणे कमी केले. तेव्हा ते इतरांसाठी गाणी रचू लागले. १९८० सालचे बार्ब्रा स्ट्रायसंड हिचे 'वुमन इन लव्ह' हे त्यांतीलच एक.

तिकडे डिस्कोच्या तबकड्या फुटत असता इकडे मुंबईच्या चित्रसृष्टीत त्या संगीताचे आगमन होत होते. १९८० च्या 'कुर्बानी' चित्रपटातील 'आप जैसा कोई' हे गीत मूळच्या बंगळूरच्या बिड्डू या लंडननिवासी संगीतकाराने बांधिले आणि पंधरा वर्षांच्या नाझिया हसनने गायिले. त्यानंतर कित्येक वर्षे हिंदी चित्रपटांत हा ठेका वाजत राहिला.

'स्टेइंग अलाइव्ह'चा खरा पुनर्जन्म मात्र रुग्णालयात झाला. हृदय एकाएकी बंद पडले की मेंदूस रक्त मिळत नाही आणि काही मिनिटांतच त्यास कायमची इजा होऊ लागते. छातीच्या मध्यावरील हाड दोन्ही तळहातांनी जोराने दाबून सोडीत राहिल्यास रक्त थोडेफार खेळते राहते, असे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० साली प्रसिद्ध केले. प्रौढ माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबली जावी आणि मिनिटास १०० ते १२० दाब पडावेत, असा आजचा दंडक आहे. दाब संथ पडले तर रक्त पुरत नाही. फार घाईने पडले तर हृदयात रक्त भरावयास अवसर मिळत नाही. पण समोर आपले माणूस निपचित पडलेले असता मनात मोजदाद कोणास सुचणार? तेथे लय आधीच अंगात मुरलेली असावी लागते.

या गीताची लय मिनिटास सुमारे १०३ मात्रांची आहे. २००८ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या पिओरिया येथील वैद्यकीय महाविद्यालयात पंधरा डॉक्टर व विद्यार्थ्यांकडून पुतळ्यांवर हा प्रयोग करविण्यात आला. गीत ऐकत असता त्यांचे मिनिटास सरासरी १०९ दाब पडले. पाच आठवड्यांनी गीत न लावता, केवळ मनात आठवून, पुन्हा तेच करविले तेव्हा सरासरी ११३ आली. प्रयोग लहानसा होता खरा. पण लय लक्षात राहते एवढे त्याने दाखविले. पुढे २०१२ साली ब्रिटिश हार्ट फाउंडेशनने याच गीताच्या साथीने सामान्य जनांस ही क्रिया शिकविणारी जाहिरात काढली आणि ती घरोघरी पोहोचली. क्वीन या इंग्रज वृंदाचे १९८० चे एक गीतही जवळपास याच लयीचे आहे. परंतु त्यात एकामागून एक माणसे धूळ चाटतात, म्हणून रुग्णाच्या उशाशी त्याचे नाव कोणी काढीत नाही!

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य केली पाहिजे. गीत गती सांगते, दाबाची खोली सांगत नाही. ती क्रिया जाणकाराकडून एकदा हातांनी शिकून घ्यावी लागते. आणि प्रसंग आलाच, तर आरंभीच कोणास तरी रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक फिरवावयास सांगून मगच, पण क्षणाचाही विलंब न लावता, हात चालवावयाचे असतात.

गिब घराण्यातील सर्वांत धाकटा भाऊ अँडी हाही गायक होता. तो १९८८ साली अवघ्या तिसाव्या वर्षी हृदयाच्या स्नायूंच्या दाहाने गेला. २००३ साली मॉरिस आणि २०१२ साली रॉबिन गेले. चौघा भावांपैकी थोरला बॅरी तेवढा मागे राहिला. ज्या ठेक्यास एके काळी निर्जीव म्हटले गेले, त्याचा तो एकसुरीपणाच या कामी गुण ठरला; कारण घाबरलेल्या हातांस नावीन्य नको असते, सातत्य हवे असते. एखाद्या अनोळखी माणसाच्या छातीवर जेव्हा कोणी हे दाब देत असतो, तेव्हा त्यास एरुव्हिलचा वाडा ठाऊक नसतो, तालवादकाचे नाव ठाऊक नसते. मनात मोजीत तो एवढेच पाहतो, की मदत येईतो ठेका तुटता कामा नये.