राजापेठचा रूळ, लिव्हरपूलचा भाव आणि फॅशन डिझाइनचा अभ्यास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी ही या भागाची लेखी आवृत्ती. बोलता बोलता घसरलेली वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. मेसेज अमरावतीहून, राजापेठमधून आलाय. पाठवणारी मुलगी फॅशन डिझाइन शिकते. ती लिहिते, "आम्हाला या सेमिस्टरला इनोव्हेशन आणि सस्टेनेबिलिटी आहे. प्रेझेंटेशनमध्ये सगळी उदाहरणं स्वीडन, इटली, जपानची. घरी सांगितलं तर आजी म्हणे, 'म्हंजे शिंपीकामच ना वं?' दादा, आपल्या वऱ्हाडात या विषयाचं काही आहे का, की आपण नुसता कापूस पिकवतो?"

प्रश्न फार चांगला आहे. त्यातला 'नुसता' हा शब्द तर आजच्या भागाची किल्लीच आहे. आपण 'नुसता' कापूस पिकवतो, हे आपोआप झालं नाही. तसं व्हावं असं कुणाला तरी वाटत होतं, आणि त्यानं ते लिहूनही ठेवलंय.

सुरुवात राजापेठपासूनच करू. तिथून बडनेऱ्याकडे जाणारा रेल्वेचा रूळ तुम्ही पाहिला असेल. फाटक पडलं की वैताग यायचा, तोच. हा रूळ अमरावतीत माणसं आणण्यासाठी टाकला असं वाटतं, पण त्याचं मुख्य कारण कापूस होतं.

थोडं मागं जाऊ. १८५३ साली निजामानं कर्जापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. त्यानंतर आठ वर्षांनी, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या तेव्हा बहुतांश अमेरिकेच्या कापसावर चालायच्या, आणि तो कापूस गुलाम माणसांच्या श्रमावर पिकायचा. युद्धामुळं तो येणं थांबलं, गिरण्या बंद पडायला लागल्या आणि साहेबांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडं वळली. भाव असे चढले की मुंबईत शेअरचा वेडा बाजार भरला. १८६५ मध्ये युद्ध संपलं तसा तो बाजार कोसळला.

पण या काळात एक गोष्ट पक्की झाली. मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला नाव पडलं 'ऊमरा'. हा 'ऊमरावती'चा, म्हणजे अमरावतीचा अपभ्रंश. आपल्या गावाचं नाव सातासमुद्रापार चालत होतं, पण गाठीवर. तयार कापडावर ते कुठंच नव्हतं.

आता तो लिहिणारा माणूस. त्याचं नाव हॅरी रिव्हेट-कार्नॅक. १८६० च्या दशकाच्या अखेरीस तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर होता. आपल्या अहवालात त्यानं एक आशा व्यक्त केली. तिचा मथितार्थ असा: या भागात रेल्वेची शाखा आली तर विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग जो कापूस आज इथंच सुतात जातो, तो निर्यातीला मिळेल. आणि सूत कातणारी, कापड विणणारी एवढी सगळी माणसं शेतमजुरीला मोकळी होतील.

परत एकदा वाचा. 'मोकळी होतील.' म्हणजे ज्यांच्या हातात कसब होतं, त्या लोकांचे हात कापूस वेचायला लावायचे. आपल्या वऱ्हाडात कोष्टी होते, साळी होते, जाडंभरडं टिकाऊ कापड विणणारे महार विणकर होते. घरोघरी बाया सूत कातायच्या. एवढ्या सगळ्यांची पोटं त्या एका वाक्यात आली होती.

आणि रेल्वे आलीच. १८६७ साली मुंबईहून निघालेला मार्ग बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आला आणि तिथली शाखा सुरू झाली. लगोलग बडनेरा ते अमरावती हा आपला फाटाही झाला. गाडीतून गाठी जायच्या, कापडाचे तागे यायचे. पुढं मूर्तिजापूरहून एकीकडं अचलपूर आणि दुसरीकडं यवतमाळला जाणारी 'शकुंतला'ही अशीच कापसासाठी आली.

इथं कापड होणं अशक्य होतं, असं मात्र समजू नका. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जिथं पिकतो तिथंच गिरणी हवी, हा त्यांचा साधा हिशेब होता, आणि ती गिरणी जोरात चालली. पण वऱ्हाडात जास्त वाढलं ते जिनिंग आणि प्रेसिंग. म्हणजे सरकी काढायची, गाठ बांधायची आणि पाठवून द्यायची. धागा, रंग, नक्षी, शिवण, म्हणजे ज्याचे खरे पैसे मिळतात ते सगळं बाहेर.

डिझाइन शिकणाऱ्यानं हे का वाचायचं? कारण कच्च्या मालाला भाव दुसरा ठरवतो. वस्तूला रूप देणाऱ्याला स्वतःचा भाव सांगता येतो. आजीला हेच समजावून सांगता येईल.

आता इनोव्हेशनकडं वळू. त्यासाठी राजापेठहून वर्ध्याला जायचं, दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. १९२९ साली अखिल भारत चरखा संघानं एक स्पर्धा जाहीर केली. सुधारित चरखा बनवा आणि एक लाख रुपये बक्षीस घ्या. तेव्हाचे एक लाख! अटी ऐका. चरखा हलका हवा, सहज उचलून नेता यावा. खेड्यातल्या घरात हातानं किंवा पायानं चालावा. बाईला त्यावर फार दमणूक न होता आठ तास काम करता यावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. तो इथंच, या देशात तयार व्हावा. आणि वेळोवेळी दुरुस्ती केली तर वीस वर्षं टिकावा.

आजच्या कॉलेजात याला 'डिझाइन ब्रीफ' म्हणतात. वापरणारी बाई कोण, तिचं घर कसं, तिच्या पाठीला किती त्रास होईल, बिघडलं तर कोण दुरुस्त करेल, हे सगळं त्यात आहे. सस्टेनेबिलिटी हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, पण वीस वर्षांच्या टिकाऊपणाची अट होती.

ते बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. अटी सोप्या नव्हत्या. पण प्रयत्न झाले, किर्लोस्करांसारख्या कारखानदारांनीही हात घातला. डिझाइनच्या इतिहासात जिंकलेल्यांचीच नावं राहतात, पण अशा न जमलेल्या प्रयत्नांतूनही पुष्कळ शिकायला मिळतं. वर्ध्याला गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालय सुरू झालं. नाव मगनलाल गांधींचं. चरख्याच्या तंत्रावर आयुष्य घालवलेला हा माणूस. तिथं वेगवेगळे चरखे आहेत, आणि नैसर्गिक रंगाच्या खादीचं कामही चालतं. कॉलेजची सहल मॉलमध्ये नेण्यापेक्षा तिथं न्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सस्टेनेबिलिटी. 'एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं' हा आकडा तुम्ही रीलमध्ये ऐकला असेल. तो सर्रास सांगितला जातो. पण त्यात पावसाचं पाणीही धरलेलं असतं, हे कुणी सांगत नाही. आपल्या वऱ्हाडातली पराटी बहुतांश कोरडवाहू, पावसावरची. धरणाचं पाणी पिणारा कापूस आणि मृगाच्या भरवशावरचा कापूस यांना एकच आकडा कसा लावायचा? आपल्याकडं खरी अडचण वेगळी आहे. पाऊस दडी मारतो, बियाणं-फवारणीचा खर्च चढतो, भाव पडतो आणि कर्ज उरतं. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, बोंडअळीवर सुरुवातीला उतारा मिळाला, पण पुढं गुलाबी बोंडअळी पुन्हा आलीच. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या तुम्हाला माहीत आहेत. म्हणून आपल्या भागात 'सस्टेनेबल कपडा' म्हणताना पिकवणारा टिकला का, हे आधी विचारावं लागेल.

संशोधन आपल्या दारातच चालतं. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. या संस्थेनं 'वैदेही-९५' नावाचं वाण काढलंय, त्याचा कापूस जन्मतःच तपकिरी असतो. म्हणजे तेवढ्या रंगापुरतं रसायन नको. पण पांढऱ्या कापसात तो मिसळू नये म्हणून वेगळा पेरावा, वेचावा, जिनिंगला वेगळा न्यावा लागतो. डिझाइनरनं मागणी केली नाही तर शेतकरी हा उपद्व्याप का करेल?

आणि कचरा? कपडा कापताना साधारण १५ टक्के कापड वाया जातं, असा अंदाज या धंद्यात दिला जातो. नऊवारी आणि धोतर यांत तो प्रश्नच नव्हता, कापायचंच नाही. लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची. अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर घ्यायचे. त्यांना लोक गोधडेबुवाही म्हणायचे. त्यांच्याच नावाच्या विद्यापीठातून आपल्या भागातली पोरं डिग्री घेतात.

पण इथं एक सांगायला पाहिजे. गोधडी बहुतेक घरांत गरजेपोटी शिवली गेली, आवड म्हणून नाही. बाबांनी चिंध्या निवडल्या होत्या. ज्यांच्याकडं दुसरं काहीच नव्हतं, त्यांनी त्या निवडल्या नव्हत्या. 'पॅचवर्क कलेक्शन' करा, जरूर करा. पण ती टाके घालणारी आजी फक्त फोटोपुरती नको, तिला शिलाईचे पैसेही मिळायला हवेत.

शेवटी आजचं. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र टेक्स्टाइल पार्क होतोय, २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातून त्याची पायाभरणी झाली. आणि त्याच जिल्ह्यात, अचलपूरच्या फिनले मिलची यंत्रं २०२० च्या लॉकडाउनमध्ये थांबली. एकीकडं आशा आहे, दुसरीकडं बंद गेट. पार्कात नुसती शिलाईची मजुरी येणार की डिझाइनचं टेबलही येणार, यावर पुढची पन्नास वर्षं ठरतील. नाहीतर 'ऊमरा'सारखंच व्हायचं, नाव आपलं आणि कमाई दुसऱ्याची.

तर राजापेठच्या ताई, तुमच्या प्रेझेंटेशनसाठी एक सुचवू? एकच कपडा घ्या. त्याचा कापूस कुणाच्या वावरातला, जिनिंग कुठं झालं, सूत कुठं कातलं, रंग कुठं चढला, शिवला कुणी आणि प्रत्येकाला किती पैसे मिळाले, ते एका कागदावर मांडा. जिथं माहिती मिळणार नाही तिथं रिकामी चौकट ठेवा. स्वीडनच्या स्लाइडपेक्षा हा कागद जास्त बोलेल.

आणि आजीला सांगा, हो, शिंपीकामच आहे. फक्त या वेळी गाठ बांधून पाठवायची नाही.

तुमच्या घरात जुनी गोधडी असेल तर ती कुणी शिवली, कोणत्या लुगड्याची, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकू. येतो मग!