पुष्पौषधी आणि तेरडा : स्वभावचिकित्सेच्या इतिहासातील एक धागा

एडवर्ड बाख (१८८६-१९३६) या इंग्रज वैद्याच्या पुष्पौषधी महाराष्ट्रातील होमिओपॅथीच्या दुकानांतून सहज उपलब्ध असतात. रोगाऐवजी रुग्णाच्या स्वभावावर उपचार करावा, या भूमिकेतून १९२८ ते १९३५ या काळात त्यांनी ३८ द्रव्ये सिद्ध केली. बाख मूळचे जीवाणुशास्त्रज्ञ. १९१९ पासून ते लंडनच्या होमिओपॅथिक रुग्णालयात कार्यरत होते. १९३० मध्ये जम बसलेला व्यवसाय सोडून ते रानोमाळ हिंडू लागले. फुले झऱ्याच्या पाण्यात उन्हात ठेवावयाची अथवा उकळावयाची आणि त्या पाण्यात ब्रँडी मिसळावयाची, एवढीच त्यांची कृती होती. गंमत अशी की, ३८ पैकी एक द्रव्य फुलाचे नसून केवळ झऱ्याचे पाणी आहे.

या पद्धतीचा आरंभ भारतीय वाचकास विशेष उद्बोधक वाटेल. १९२८ मध्ये वेल्समधील अस्क नदीच्या काठी बाख यांना जी पहिली फुले गवसली, त्यांत हिमालयातील तेरडा होता. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फोर्ब्स रॉयल यांनी त्याचे शास्त्रीय नामकरण केले आणि १८३९ मध्ये तो ब्रिटनमधील बागांत पोहोचला. तेथून निसटून तो नदीकाठी फोफावला. पिकलेली शेंग स्पर्श होताच तडकते, म्हणून तेरड्याच्या प्रजातीस लॅटिनमध्ये 'इम्पेशन्स', म्हणजे अधीर, असे नाव मिळाले. बाख यांनी हे औषध उतावळ्या, चिडखोर व्यक्तींसाठी योजिले.

भिवंडी ज्या ठाणे जिल्ह्यात येते, तेथे व कोकणात पावसाळ्यात याच प्रजातीतील तेरडा उगवतो. त्याचीही शेंग तशीच तडकते. परंतु मराठी मनाने त्यात अधीरता पाहिली नाही. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' या म्हणीत तो चंचलतेचे प्रतीक ठरला, तर भाद्रपदात तेरड्याची रोपे गौर म्हणून घरी आणली जातात व माहेरवाशिणीप्रमाणे त्यांचा पाहुणचार होतो. एकाच प्रजातीला लॅटिन नावाने अधीर ठरविले, म्हणीने चंचल आणि व्रताने पूज्य. तेव्हा मनोधर्म फुलात नसून त्यास पाहणाऱ्या भाषेत असतो, असे मानणे अधिक युक्त होय.

चिकित्सक परीक्षणांचा निष्कर्षही याला पूरक आहे. एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००२ व २०१० मध्ये घेतलेल्या आढाव्यांत या औषधांचा परिणाम औषधविरहित द्रवापेक्षा अधिक आढळला नाही. नैराश्यासारख्या गंभीर विकारात त्यांवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे. तरीही ही पद्धती टिकून आहे. १९७९ मध्ये रिचर्ड कॅट्झ यांनी कॅलिफोर्नियात पुष्पार्कांसाठी संस्था स्थापन केली, आणि पुढे रोगनिवारणापेक्षा आत्मशोधावर भर वाढत गेला. याचे कारण बाटलीत नव्हे, निवडीच्या प्रक्रियेत शोधावे लागते. आपली भीती ज्ञात कारणाची की अनामिक, आपला थकवा श्रमाचा की कंटाळ्याचा, हे ठरविल्याशिवाय ३८ पैकी औषध निवडता येत नाही. एरवी स्वतःला न विचारलेले हे प्रश्न रुग्ण तेथे प्रथमच शब्दांत मांडतो, आणि कोणीतरी ते शांतपणे ऐकून घेते.