दमनकाला शिक्षा कोणी केली?

बेंगळुरूच्या एखाद्या मराठी घरातलं मूल स्पॅनिश शिकू लागलं, तर 'ला लेचेरा' ही गोष्ट त्याला कधी ना कधी भेटतेच. दूध विकायला निघालेली मुलगी वाटेत मनोरे रचते. दुधातून अंडी, अंड्यांतून पिल्लं, मग डुक्कर, मग गाय-वासरू. आनंदानं उडी मारते आणि दूध सांडतं. फेलिक्स मारिया सामानिएगोनं ही गोष्ट पद्यात लिहिली. त्याच्या बोधकथांचा पहिला भाग 1781 साली निघाला, तोही शाळकरी मुलांसाठी.

आजीला विचारा, ती म्हणेल, ही तर सातूच्या पिठाच्या मडक्याला लाथ मारणाऱ्या ब्राह्मणाची गोष्ट! आजीचं बरोबर आहे.

पंचतंत्र सहाव्या शतकात बुर्झोय या वैद्यानं इराणात नेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं ते अरबीत आणलं. करटक आणि दमनक झाले कलीला आणि दिमना. 1251 च्या सुमारास कास्तिलचा राजपुत्र, पुढचा दहावा अल्फोन्सो, याच्या आश्रयानं ते कास्तिलियन भाषेत, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये उतरलं. तिथं पिठाच्या मडक्याऐवजी मध आणि लोण्याचं मडकं दिसतं. 1335 मध्ये दोन हुआन मानुएलच्या पुस्तकात ते मधाचं मडकं एका बाईच्या डोक्यावर आलं.

पण प्रवासात फक्त भांडीच बदलली नाहीत. आपल्या पंचतंत्रात दमनक चहाड्या करून सिंहाकडून संजीवक बैलाला मारवतो आणि शेवटी मंत्री होऊन बसतो. अरबी पुस्तकात मात्र त्याच्यावर खटला चालतो आणि त्याला मृत्युदंड होतो. हा खटला मूळ संस्कृतात नाही. स्पॅनिश वाचकाला मिळाला तो हा, शिक्षा झालेला दमनक.

असं का? विष्णुशर्मा राजपुत्रांना राज्य कसं चालतं ते शिकवत होता. चहाडखोर जिंकतो, हे भावी राजाला ठाऊक हवंच. पुढच्या वाचकांना मात्र न्याय झालेला पाहायचा होता. नीती आणि नैतिकता यांतलं अंतर इथं दिसतं.

आता उलटा प्रवास पाहा. शहाजीराजांची जहागीर याच बेंगळुरूत होती. त्यांचे पुत्र व्यंकोजी 1675 च्या सुमारास तंजावरला गेले. त्यांच्याच वंशातल्या सरफोजीराजांच्या काळात, 1806 साली, सख्खन पंडितांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. पुस्तकाचं नाव 'बालबोध मुक्तावली'. आपल्या गोष्टी पश्चिमेला गेल्या, तशा तिकडच्या इकडे आल्या.

म्हणून मुलांना गोष्ट सांगताना 'तात्पर्य' म्हणायची घाई करू नका. दमनक जिंकला तेव्हा सिंहाचं काय चुकलं, एवढं त्यांना विचारा. उत्तर त्यांना शोधू द्या.