पाऊस आणि हप्ता

दुष्काळात शेतकऱ्यास कर्ज हवे असते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण आधीचे कर्ज त्या वर्षी थांबणेही त्यास तितकेच हवे असते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पाऊस चुकला तर थांबायचे कोणी, आणि थांबण्याचा खर्च सोसायचा कोणी? दख्खनच्या शेतकर्जाचा इतिहास म्हणजे आमच्या मते याच प्रश्नाचा इतिहास होय.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांवर उठाव केला. नगर जिल्ह्यातही हे लोण गेले. रोष माणसांपेक्षा खातेवह्यांवर आणि रोख्यांवर अधिक होता. सावकार थांबत नसे असे नाही. पण थकलेले व्याज मुद्दलात घालून तो नवा रोखा लिहून घेई. थांबण्याचा सगळा खर्च कुळाच्या माथी पडे. लगोलग १८७६–७८ चा दुष्काळ आला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयास रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा व हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. सावकारास थोडा आळा बसला. परंतु त्याच्या जागी दुसरा पैसा उभा राहिला नाही. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी विहिरी, बियाणे, बैल यांसाठी सरकारी तगाई मिळू लागली. पुरंदर तालुक्यासाठी वेडरबर्न यांनी मांडलेली शेतकी बँकेची योजना मात्र विलायतेत भारतमंत्र्यांनी फेटाळली.

१९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. तरीही १९५४ च्या ग्रामीण पतपाहणी अहवालात शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के आढळला. शिवाय पतपेढीलाही थांबता येत नसे. ती जिल्हा बँकेची देणेकरी, जिल्हा बँक राज्य बँकेची. जो स्वतः देणेकरी, तो दुसऱ्यास मुदत कशी देणार?

या अहवालाच्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. तिच्या शिफारशीनंतर १९५६ साली रिझर्व्ह बँकेने राष्ट्रीय कृषिपत स्थिरीकरण निधी उभारला. पीक बुडाल्यास अल्पमुदतीच्या कर्जाचे मध्यममुदतीच्या कर्जात रूपांतर करण्यास त्याचा आधार मिळाला. खालच्याने थांबावे म्हणून वरच्यानेही थांबण्याची ही सोय होती. १९८२ साली हा निधी नव्या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेकडे गेला.

अर्थात मुदत म्हणजे माफी नव्हे. लागोपाठ दुसरा दुष्काळ आला, तर एकाच पिकातून दोन हप्ते काढावे लागतात. आणि ज्याचे कर्ज पतपेढीच्या वहीत नाही, सावकाराच्याच वहीत आहे, त्याच्या वाट्याला ही मुदतदेखील येत नाही. त्याच्यापुरता सुप्याचा प्रश्न अजून उभाच आहे.