इंग्लंडमधील मळणीची कोठारे व त्यांचे गृहरूपांतर

इंग्लंडमधील जुन्या शेतवाड्यांच्या आवारात सर्वांत भव्य दिसणारी वास्तू बहुधा मळणीचे कोठार ही असते. महाराष्ट्रातील खळे उघड्यावर असते. इंग्लंडच्या ओलसर हवेत मात्र ते छपराखाली आणावे लागले. कोठाराच्या मध्यभागी मळणीची भुई, तिच्या दोन अंगांस समोरासमोर उंच दारे आणि उरलेल्या खणांत पेंढ्यांची रास, अशी ही रचना होय. दोन्ही दारे उघडताच वाहणाऱ्या वाऱ्यावर धान्य उफणले जाई. भिंतींतील अरुंद फटींतून हवा खेळे. खिडक्या क्वचितच असत आणि धुराडे तर नसेच. एसेक्समधील क्रेसिंग टेंपल येथील तेराव्या शतकातील दोन कोठारे आणि हार्मंड्सवर्थ येथील १४२६ सालाच्या सुमारास उभारलेले कोठार ही ह्या परंपरेची ठळक उदाहरणे आहेत.

अँड्र्यू मीकल ह्याने १७८६ च्या सुमारास मळणीयंत्र सिद्ध केले. विसाव्या शतकात कापणी व मळणी एकत्र करणारे यंत्र शेतातच फिरू लागले आणि कोठाराचे मूळ प्रयोजन संपले. प्रयोजन संपलेल्या वास्तूचे छप्पर दुरुस्त करण्याचा भार शेतकऱ्यास परवडत नाही, आणि छप्पर गळू लागले की लाकडी सांगाडा कुजावयास वेळ लागत नाही. म्हणून तिचे घरात रूपांतर करणे हाच पुष्कळदा तिच्या रक्षणाचा उपाय ठरला. २०१४ साली इंग्लंडमध्ये अशा रूपांतराची परवानगी बरीच सुलभ करण्यात आली. संरक्षित यादीतील इमारती मात्र ह्या सवलतीतून वगळण्यात आल्या.

परंतु घराच्या गरजा कोठाराच्या स्वभावाशी जुळत नाहीत. घरास खोल्या, मजले, उजेड व ऊब हवी असते. कोठाराचे सत्त्व भुईपासून आढ्यापर्यंतच्या अखंड पोकळीत असते. छपरात खिडक्यांची रांग काढली आणि तुळया कापून मजले घातले, तर भिंती उरतात, कोठार उरत नाही. ह्याउलट उंच दारांच्या जागी काच बसवून उजेड घेणे, मळणीची भुई दुभागू न देता तेथे बैठक ठेवणे, निजावयाच्या खोल्या कडेच्या खणांत वा लगतच्या पडवीत नेणे, ह्या मार्गाने जुन्या श्रमाची खूण टिकते. त्यासाठी मालकास काही खोल्यांवर पाणी सोडावे लागते. वास्तूचे रक्षण म्हणजे केवळ तिच्या सामग्रीचे नव्हे, तर तिने साधलेल्या कामाच्या आकाराचे रक्षण, हाच ह्या इतिहासाचा निष्कर्ष होय.