निनावी पुस्तकांचे कूळ

पंधराव्या शतकात युरोपात छापलेल्या कितीतरी पुस्तकांवर छापखान्याचे नाव नाही, गाव नाही, सालही नाही. शीर्षकपानाची पद्धत अजून रुळायची होती. मुद्रकाला वाटले तर तो शेवटी चार ओळींची पुष्पिका छापे, नाहीतर मजकूर संपला की पुस्तक संपले. अशा पुस्तकाचा छापखाना आज जाणकार त्यातल्या खिळ्यांवरून, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांवरून, ओळखतात. ही विद्या कोणाची, असे विचारले की ब्रिटिश म्युझियममधल्या रॉबर्ट प्रॉक्टरचे नाव निघते आणि त्याच्या नजरेचे कौतुक सुरू होते. नजर तर होतीच. पण या तंत्राचा उगम त्या नजरेत शोधणे मला पटत नाही. तो त्याच्याही आधी, पुस्तके कोणत्या क्रमाने लावायची या ग्रंथपालाच्या रोजच्या प्रश्नात आहे.

लुडविग हाइन याने १८२६ ते १८३८ या काळात पंधराव्या शतकातल्या सोळा हजारांहून अधिक पुस्तकांची सूची प्रसिद्ध केली. ती लेखकांच्या वर्णानुक्रमाने होती. पुस्तक शोधायला हा क्रम सोयीचा, पण एकाच छापखान्यातून निघालेली दोन पुस्तके त्यात क्वचितच शेजारी येतात, आणि शेजारी आली नाहीत तर त्यांचे साम्य दिसणार कसे? त्याआधी पान्झरने गाव आणि साल असा क्रम लावला होता. मात्र त्याची भिस्त पुस्तक स्वतःबद्दल जे सांगते त्यावर होती, त्यामुळे मुकी पुस्तके मुकीच राहिली. वळण आले ते हेगच्या राजग्रंथालयातल्या होल्ट्रॉपपासून. त्याने १८५६च्या आपल्या सूचीत गाव आणि छापखाना हा पाया धरला. केंब्रिजचा हेन्री ब्रॅडशॉ त्याच्याशी पत्रव्यवहार करून हे शिकला. तो १८६७मध्ये विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, आणि १८७०मध्ये त्याने घेंट इथे लिलावात निघालेल्या एका संग्रहातल्या पुस्तकांची वर्गीकृत सूची एका छोट्या पुस्तिकेत छापली. वनस्पतिशास्त्रज्ञ प्रजाती आणि जाती लावतो तसा प्रत्येक छापखाना ही एक प्रजाती मानायची, असा त्याचा नियम. नाव-साल असलेली पुस्तके आधी मांडायची, मग त्याच खिळ्यांची निनावी पुस्तके त्यांच्या शेजारी आणायची. मान होल्ट्रॉपचा, असे कोणी म्हटले तर ते खरेच आहे. परंतु होल्ट्रॉपच्या कामाचे क्षेत्र मुख्यतः नेदरलंड्स होते. कुठल्याही देशाच्या पुस्तकांना लावता येईल असा नियम त्यातून काढला तो ब्रॅडशॉने. दुर्दैव एवढेच की या माणसाच्या हातून मोठे काम पुरे होत नसे. १८८६मध्ये तो गेला तेव्हा मागे राहिल्या त्या बहुतांशी बारीक पुस्तिका आणि पत्रे.

पुरे केले ते प्रॉक्टरने. १८९३मध्ये तो म्युझियममध्ये रुजू झाला आणि १८९८पासून त्याची सूची बाहेर पडू लागली. देश, देशात मुद्रण ज्या क्रमाने पोचले त्या क्रमाने गावे, गावात छापखाने, आणि प्रत्येक छापखान्याच्या खिळ्यांना क्रमांक. हे साधले, कारण सुरुवातीच्या दशकांत खिळ्यांचा बाजार नव्हता. बहुतेक मुद्रकांचे ठसे आणि साचे त्यांचे स्वतःचे, म्हणून अक्षराचे वळणही त्यांचेच. आता वळण डोळ्याला फसवू शकते, म्हणून मापाची जोड आली. एका ओळीची उंची मोजताना झालेली चूक लहान असली तरी प्रमाणात मोठी ठरते. वीस ओळी एकदम मोजल्या की ती वाटली जाते. शिवाय तेव्हा ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या सहसा घालत नसत, त्यामुळे ओळीचे अंतर म्हणजे जवळजवळ खिळ्याचीच उंची. गुटेनबर्गच्या बेचाळीस ओळींच्या बायबलाचे हे माप सुमारे १४० मिलिमीटर, तर छत्तीस ओळींच्या बायबलाचे सुमारे १६४. ओला कागद वाळताना आखडतो आणि माप एखाद्या मिलिमीटरने ढळते, हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळेच कोनराड हेब्लरने १९०५पासून काढलेल्या आपल्या कोशात मापासोबत गॉथिक लिपीतल्या मोठ्या एमच्या आकृती घेतल्या. या एका अक्षराची शंभराच्या घरात निरनिराळी रूपे त्याने नोंदवली.

सर्वांत जड आक्षेप एका प्रार्थनाग्रंथाचा आहे. कॉन्स्टन्सचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथाचे खिळे १४५७च्या माइन्झ स्तोत्रसंहितेतल्या खिळ्यांशी जुळतात, आणि त्यांचे रूप जास्त प्राथमिक वाटते. तेवढ्यावरून तो गुटेनबर्गच्या बायबलाच्याही आधीचा असल्याचा दावा झाला आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ वाद चालला. अखेर १९६७मध्ये ॲलन स्टीव्हन्सनने कागदातल्या जलचिन्हांवरून तो १४७३च्या सुमारास बाझेलमध्ये छापला गेल्याचे दाखवले. खिळे गावोगाव फिरू शकतात, हे यातून मान्य करावेच लागते. खिळ्यांचा व्यापार वाढला की ही अडचणही वाढते. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकाला निर्णयसागरचे खिळे आहेत म्हणून ते निर्णयसागरमध्येच छापले असे म्हणता येत नाही, कारण ते खिळे देशभर विकले जात. पण स्टीव्हन्सनने केले काय? त्या ग्रंथाचा कागद त्याने साल ठाऊक असलेल्या पुस्तकांच्या कागदाशेजारी ठेवून पाहिला. पद्धत ब्रॅडशॉचीच, पुरावा फक्त वेगळा. चुकला तो अक्षर ओबडधोबड दिसते म्हणजे जुने असणार हा तर्क, आणि तो ब्रॅडशॉच्या नियमात कुठेच बसत नव्हता. म्हणून हे तंत्र खिळ्यांचे आहे असे म्हणण्यापेक्षा, निनावी पुस्तक ओळखीच्या पुस्तकांजवळ नेऊन बसवण्याचे आहे असे म्हणावे.

प्रॉक्टर १९०३च्या सप्टेंबरात आल्प्समध्ये एकटाच चालायला गेला आणि परतला नाही; वय पस्तीस. म्युझियमने १९०८पासून काढलेल्या मोठ्या सूचीत त्याचाच क्रम ठेवला. १९८०मध्ये ब्रिटिश लायब्ररीत सुरू झालेल्या संगणकीय सूचीत आता या पुस्तकांच्या सुमारे तीस हजार आवृत्त्या आहेत. तिच्यातल्या असंख्य नोंदींत गाव, मुद्रक आणि साल चौकटी कंसात दिसतात. त्या कंसांचा अर्थ असा की ही माहिती पुस्तकात छापलेली नाही, ती पुराव्यावरून ठरवलेली आहे.