डायना रिग आणि ब्रिटिश अभिनय-व्यवसायाची साठ वर्षे

सप्टेंबर १९५५ मध्ये लंडन परिसरात ‘आयटीव्ही’ ही जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली आणि या क्षेत्रातील बीबीसीची मक्तेदारी संपुष्टात आली. त्याच वर्षी डायना रिग (१९३८–२०२०) यांनी ‘राडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लंडनच्या ‘रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट’ या नाट्यशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. रंगभूमीसाठी घडलेल्या आणि दूरचित्रवाणीने घराघरांत पोहोचवलेल्या नटनट्यांच्या पिढीत त्यांची गणना होते. या दोन माध्यमांतील देवाणघेवाण कशी बदलत गेली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे त्यांच्या कारकिर्दीवरून विशेष स्पष्टपणे दिसते.

रिग यांचा जन्म यॉर्कशरमधील डॉन्कास्टरचा. वडील रेल्वेत अभियंता म्हणून बिकानेर संस्थानात नोकरीस असल्याने त्यांचे बालपण तेथे गेले आणि त्या हिंदी बोलू लागल्या. नंतर मात्र शिक्षणासाठी त्यांना इंग्लंडमध्ये मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या निवासी शाळेत ठेवण्यात आले. १९५७ मध्ये यॉर्कच्या महोत्सवात ब्रेख्तच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’मधून त्यांनी रंगभूमीवर पदार्पण केले आणि १९५९ मध्ये त्या स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर नाट्यसंस्थेत दाखल झाल्या. पीटर हॉल यांच्या संचालकत्वाखाली १९६१ मध्ये ‘रॉयल शेक्सपिअर कंपनी’ असे नाव धारण केलेल्या या संस्थेने नटांशी दीर्घ मुदतीचे करार करून एकाच संचाकडून आलटून पालटून अनेक नाटके करून घेण्याची, म्हणजे रिपर्टरीची, पद्धत रुजवली. अशा संचात आज एक-दोन वाक्यांची भूमिका करणाऱ्या नटीला उद्या नायिका उभी करावी लागे, आणि पद्य-संवादांची फेक व श्वासावरील ताबा ही तिची रोजची मेहनत असे. पीटर ब्रूक यांनी १९६२ मध्ये बसवलेल्या ‘किंग लिअर’मध्ये पॉल स्कोफिल्ड यांच्या लिअरसमोर रिग यांनी कॉर्डेलिया साकारली, ती याच तालमीच्या बळावर.

१९६५ मध्ये प्रेक्षकांसमोर आलेली ‘दि अ‍ॅव्हेंजर्स’मधील रिग यांची एमा पील ही भूमिका मात्र वेगळ्या अर्थकारणातून जन्मली होती. ‘दि अ‍ॅव्हेंजर्स’ ही हेरकथांची मालिका १९६१ पासून चालू होती आणि तिचे भाग स्टुडिओत जवळजवळ नाटकाच्या प्रयोगासारखे सलग ध्वनिचित्रमुद्रित होत. ऑनर ब्लॅकमन यांनी रंगवलेल्या कॅथी गेलमुळे पुरुषाशी बरोबरीने झुंजणारी स्त्री या मालिकेत रूढ झाली होती. ब्लॅकमन बाहेर पडल्या त्याच सुमारास निर्मात्यांनी अमेरिकन बाजार नजरेसमोर ठेवून व्हिडिओ फितीऐवजी पस्तीस मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण सुरू केले. त्यामुळे प्रकाशयोजना, वेशभूषा आणि मारामारीची दृश्ये या सर्वांना चित्रपटाचा साज चढला. पुढे अमेरिकेसाठी मालिका रंगीत झाली, परंतु आयटीव्हीवर रंगीत प्रक्षेपण नोव्हेंबर १९६९ मध्ये सुरू झाल्याने १९६७ सालचे ते रंगीत भाग ब्रिटिश प्रेक्षकांना प्रथम कृष्णधवल रूपातच पाहावे लागले. स्वदेशी प्रेक्षकाआधी परदेशी गिऱ्हाइकाचा विचार करणाऱ्या या उद्योगात रिग यांनी एकूण ५१ भागांत काम केले.

या यशाची दुसरी बाजू मानधनाची होती. पहिले डझनभर भाग पूर्ण झाल्यावर आपल्याला कॅमेरामनपेक्षाही कमी पैसे मिळतात, हे रिग यांच्या ध्यानात आले. त्यांनी वाढीची मागणी करताच वृत्तपत्रांनी त्यांना पैशाच्या लोभी ठरवले आणि व्यवसायातून फारसे कोणी पाठीशी उभे राहिले नाही, असे त्या पुढे मुलाखतींत सांगत. मानधन अखेर वाढले, तरी त्या फार काळ मालिकेत राहिल्या नाहीत. डॅगनम येथील फोर्ड कारखान्यातील शिलाई-कामगार स्त्रियांच्या १९६८ च्या संपानंतर समान वेतनाचा कायदा १९७० मध्ये संमत झाला आणि १९७५ च्या अखेरीस अमलात आला. परंतु त्या कायद्याची मोजपट्टी एकाच किंवा समकक्ष ठरवलेल्या कामाची होती. नटी आणि कॅमेरामन यांची कामे त्या मोजपट्टीत सहजी बसणारी नव्हती, शिवाय नटांचे मानधन व्यक्तिगत करारांतून ठरे. त्यामुळे अशा मागणीला मुख्य आधार उरे तो लोकप्रियतेचा.

‘ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस’ (१९६९) या चित्रपटात जेम्स बाँडची विवाहित पत्नी झालेल्या रिग यांना केवळ चित्रपट-तारका म्हणून जगणे अशक्य नव्हते. त्यांचा ओढा तरीही रंगभूमीकडे राहिला. १९६८ पर्यंत इंग्लंडमध्ये नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी ‘लॉर्ड चेंबरलेन’ या राजदरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी लागे. त्या वर्षीच्या कायद्याने ही पूर्वतपासणी रद्द झाली. या नव्या मोकळिकीत १९७० मध्ये आलेल्या ‘अ‍ॅबेलार्ड अँड हेलोइझ’ नाटकातील त्यांच्या नग्न दृश्याची चर्चा झाली आणि न्यूयॉर्कच्या प्रयोगानंतर समीक्षक जॉन सायमन यांनी अभिनयाऐवजी त्यांच्या शरीरावर कुत्सित शेरा मारला. रिग यांनी त्याचा वचपा विनोदाने काढला: नामवंत नटनट्यांच्या वाट्याला आलेल्या जहरी परीक्षणांचे संकलन त्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. दरम्यान १९७२ पासून ओल्ड व्हिक नाट्यगृहातील ‘नॅशनल थिएटर’च्या संचात टॉम स्टॉपर्ड यांच्या ‘जम्पर्स’पासून लेडी मॅकबेथपर्यंतच्या भूमिका करत त्यांनी आपला पल्ला वाढवला होता.

या दोन माध्यमांतील कामाचा खरा मेळ त्यांच्या उत्तर वयात बसला. ‘मदर लव्ह’ (१९८९) या बीबीसी मालिकेत मुलावर विकृत मालकी गाजवणारी आई रंगवून त्यांनी ब्रिटिश अकादमीचा, म्हणजे बाफ्टाचा, पुरस्कार मिळवला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९२ मध्ये, लंडनच्या छोट्या अल्मेडा नाट्यगृहात जोनाथन केंट यांनी बसवलेल्या ‘मिडिया’त त्या स्वतःच्या मुलांना मारणारी आई झाल्या. या प्रयोगाच्या नेपथ्यात धातूचे उंच पत्रे होते आणि शेवटी ते कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासह कोसळत; त्या गदारोळातही मिडियाचे शब्द स्वच्छ ऐकू जावेत, ही जबाबदारी नटीच्या कंठाची होती. हे नाटक ब्रॉडवेवर गेल्यावर १९९४ मध्ये त्यांना टोनी पुरस्कार मिळाला, तर १९९७ मधील ‘रेबेका’ मालिकेतील मिसेस डॅनव्हर्ससाठी एमी पुरस्कार.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत २०१३ ते २०१७ या काळात त्यांनी केलेली ओलेना टायरेल ही चेहरा शिरोवस्त्रात बांधलेली, बहुतेक वेळ बसून बोलणारी वृद्धा आहे. एमा पीलला उड्या, पोशाख आणि वेगवान छायाचित्रण यांची साथ होती. ओलेनाजवळ मुख्यतः वाक्य आणि विराम होते, आणि ते हाताळण्याचे शिक्षण स्ट्रॅटफर्डला झाले होते. साठच्या दशकातील दूरचित्रवाणीने रिग यांना कीर्ती दिली, पण त्यांच्या नाट्यशिक्षणाचा भरपूर वापर केला नाही. उतारवयात त्याच माध्यमाला त्या शिक्षणाची गरज भासली. तरुणपणीच्या ठशात अडकून न पडता त्या तोवर कामात टिकून राहू शकल्या, याचे श्रेय मधली वीस वर्षे नेमाने नाटके लावणाऱ्या अनुदानित नाट्यसंस्थांना आणि लोकप्रियता हाताशी असतानाही तिकडे परतण्याच्या त्यांच्या स्वतःच्या निर्णयाला द्यावे लागते.